लेकींनी वाटून नेलेली गाडी

माधव दरवर्षी ज्या तांड्यावर जायचा, तिथे मी पहिल्यांदा गेले ती तो वारल्यानंतर, आणि रागावून गेले. हे आधीच सांगून टाकते. प्रवासाची हकीकत वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारा माणूस हौसेनं निघाला असेल. मी हौसेनं निघाले नव्हते.

माधव माझा नवरा. पुण्यात त्याचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. ज्या जुन्या परदेशी मोटारींचे सुटे भाग आता कोणीच बनवत नाही, ते तो एकेक करून बनवायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्याच्या हाताला ग्रीसचा वास आणि माझ्या हाताला जुन्या कागदाचा. संसार ठीक चालला होता. उन्हाळ्यात लग्नसराईच्या तोंडाशी तो हत्यारांची पेटी घेऊन यवतमाळ जिल्ह्यात जायचा. तिकडे फुलसावंगीच्या बाजूला एका बंजारा तांड्यावर एक इटालियन गाडी आहे, उघडी, दोन माणसांची, शर्यतीसाठी बनवलेली, आणि तांड्यातल्या मुली त्या गाडीतून सासरी जातात, एवढंच मला माहीत होतं. "तू चल एकदा," तो म्हणायचा. परीक्षांचे दिवस असायचे, मी राहून जायचे.

तो गेला तेव्हा भेटायला आलेल्यांत श्रीकांत होता. हा त्याचा जुना मित्र. दुर्मिळ मोटारींच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहणं हा त्याचा धंदा. माधवच्या खुर्चीत बसून त्यानं डोळे पुसले आणि उठताना म्हणाला, "वहिनी, त्याच्या कॉम्प्युटरवरचे गाड्यांचे फोटो घेऊ का? आठवण म्हणून." शोकाच्या घरात आठवण मागणाऱ्याला कोण नाही म्हणतं?

काही महिन्यांनी भाच्यानं मला फोनवर एक जाहिरात दाखवली. जगभरचे श्रीमंत लोक जिथे असल्या गाड्या शोधतात, तिथली. तीच लाल गाडी. खाली लिहिलं होतं की मध्य भारतातल्या एका अतिदुर्गम वस्तीत, लोकांना जिची किंमत कळत नाही अशी ही गाडी कित्येक दशकं विस्मरणात पडून होती. ती आता सापडली आहे. सर्व मूळ भागांसह, लवकरच उपलब्ध. फोटो माधवचा होता. म्हणजे त्यानं काढवून घेतलेला, गाडीशेजारी उभा राहून. त्याला कापून टाकलं होतं. बॉनेटवर टेकलेला हात तेवढा राहिला होता, मनगटावर मी दिलेलं घड्याळ.

मी तो हात किती तरी वेळ पाहत बसले. मग "सापडली" हा शब्द पुन्हा वाचला. दरवर्षी मुली जिच्यात बसून सासरी जातात ती गाडी सापडायला हरवली होती कधी?

गाडीच्या कारखान्याचं नाव आणि तांड्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की आणखी चार श्रीकांत निघतील.

माधवच्या फोनमध्ये 'नायक' असा नंबर होता. तो लावला. एका मुलीनं उचलला आणि माझं काही ऐकायच्या आत म्हणाली, "मामा, कधी येऊन राह्यले? मांडव पडला ना इकडं!" त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी त्यांची बायको बोलतेय. मी येतेय." बाकीचं फोनवर सांगता आलं नाही.

पुसद

पुसदला उतरले तेव्हा सकाळ होती आणि तरी ऊन अंगावर येत होतं. स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं घालतात. इथे वरून हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि खाणारा घामाघूम होऊन आणखी मागतो. मी अर्धी बशी ठेवली. पोहेवाला म्हणाला, "काहून वो बाई, तिखट लागलं? हे तं लेकराईचं हाय." शेजारच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेतला. लग्नाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

गजानन नावाच्या रिक्षावाल्यानं तांड्यावर सोडायचं कबूल केलं. मी रस्ता सांगू लागले तर त्यानं हातानंच थांबवलं.

"लाल गाडीचा तांडा ना? मले नका सांगू. माह्या लग्नापासून ते गाडी माह्या डोक्शावर बसली हाय."

"म्हणजे?"

"आता काय सांगू काकू. माही बायको तिथून जवळच्या गावची. पाठवणीले मी ह्याच आटोत घेऊन आलो तिले. तं ते म्हन्ते कशी, 'तांड्यातल्या पोरी पाहा, उभ्यानं राणीसारख्या जातेत. अन् मले पाहा, सीट फाटेल, अन् मागं लिवेल, हात दाखवा गाडी थांबवा.' लेकरं शाळेत जाऊन राह्यले, पन हे आजून आयकून राह्यलो मी."

रस्ता डोंगरातून वर-खाली जातो. सागाची पानं झडून गेलेली, त्यामुळे टेकड्यांच्या फासळ्या दिसत होत्या. मोहाच्या झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेतं मोकळी झाली होती. पुढे एका वळणावर सगळी हवाच हळदीची झाली: मोठ्या पिंपांतून हळकुंडं शिजत होती आणि शिजलेली हळद खळ्यावर पसरली होती, मैदानभर. वासानं डोकं जड झालं. गजानन मात्र बोलत राहिला. मला ते बरं वाटत होतं. आमच्या घरी गेले काही महिने सगळे हळू आवाजात बोलतात.

तांडा

तांडा टेकडीच्या उतारावर आहे. पूर्वी ह्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. आता सगळे शेतकरी, कापूस आणि तूर पिकवणारे. आपसात ते त्यांची गोर बोली बोलतात, माझ्याशी वऱ्हाडीत बोलले. मांडवाखाली खुर्च्या मांडलेल्या, एका बाजूला गाण्याचे भलेमोठे भोंगे, वांग्यांचे ढीग चिरायला बसलेल्या बायका. रिक्षा थांबली तशी सगळे उठले. किसन नायक पुढे आले. ते तांड्याचे प्रमुख, वयानं ऐंशीच्या घरात, डोक्याला पांढरं पागोटं. त्यांनी माझ्या मागे, रिक्षेत पाहिलं.

"अन् माधवभाऊ?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो हातात धरूनच मी सांगितलं. असं सांगायचं नसतं हे कळत होतं, पण पुडा कुठे ठेवावा ते सुचेना.

नायकांची पत्नी सोनीबाई, त्यांना सगळे 'याडी' म्हणजे आई म्हणतात, पुढे आल्या. त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकले आणि गाऊ लागल्या. मी गाऊ लागल्या म्हणते, कारण त्याला चाल होती. पण ते रडणं होतं. एकेक बाई येऊन बिलगत गेली, प्रत्येकीचं रडणं त्याच चालीत, आणि त्यात शब्द होते. तो केव्हा आला होता, काय जेवला, काय बोलला. ह्याला ते ढावलो म्हणतात. पाहुणी आली, कोणी गेलं, लेक सासरी निघाली, की गळ्यात पडून असं गातात.

मी लाकडासारखी उभी होते. आमच्याकडे माणूस गेल्यावर चौथ्या दिवसापासून "सावर आता" सुरू होतं. मला 'धीराची' म्हणून शाबासकी मिळाली होती. मी ती घेतलीही होती.

मग चहा आला. कोणीतरी माझ्या हातातून पेढे हळूच काढून घेतले. नायक माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "आमी आमच्याईले गोर म्हन्तो, बाहेरच्याले कोर. तुमचा मानूस पह्यल्या साली आला तवा कोर होता. मंग बायायनं त्याले शिव्या देनं सुरू केलं. शिव्या आमी घरच्यालेच देतो."

"कसल्या शिव्या?"

"'आला आयतोबा, घाल बाटी!' अशा," वांगी चिरणारी एक म्हातारी म्हणाली. बाटी म्हणजे त्यांची भाकरी. "अन् तो बी खाये, चार चार."

घरी हा मनुष्य दीड पोळी खायचा.

जेवणात तीच भाकरी, चून म्हणजे आपलं पिठलं, आणि कांदा होता. मग मी श्रीकांतची गोष्ट सांगितली आणि भाच्यानं कागदावर छापून दिलेली जाहिरात दाखवली. नवऱ्या मुलीनं, नायकांच्या नातीनं काजलनं, ती मोठ्यानं वाचून सगळ्यांना समजावली. काजल नर्सिंग शिकते. फोनवरची मुलगी हीच. "लोकांना जिची किंमत कळत नाही" इथे ती थांबली. पुन्हा एकदा मनात वाचलं असावं. मग म्हणाली, "चला मामी, किंमत दाखवतो तुमाले."

गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली होती, धुऊन पुसून, बॉनेटवर हळदीकुंकू. फोटोत दिसत नाही इतकी लहान. माझ्या कमरेला लागेल न लागेल. लाल रंग कितीदा तरी ब्रशनं दिलेला. नायकांच्या वडिलांच्या काळात कापसाच्या एका जिनिंगवाल्या शेठचा हौशी मुलगा ही गाडी घेऊन इकडे आला, पुरात नाल्यात अडकला, आणि जीव वाचला ह्यावर समाधान मानून "तुमचीच ठेवा" म्हणून निघून गेला. लोकांनी गाळ उपसून ती वर आणली. मग नायकांच्या बहिणीचं लग्न आलं. ह्यांच्यात नवरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हात वर करून माहेराचा निरोप गाते. त्या मुलीनं सांगितलं, मी ह्यात उभी राहते. बैलापेक्षा उंची कमी, पण सगळ्यांना दिसेल. तेव्हापासून प्रत्येक मुलगी.

"अन् जानारीनं गाडीचं एक काहीतरी घेऊन जायचं," काजल म्हणाली. "हे बी तिनंच सुरू केलं. खोलून आपल्या ओढणीले टाकायचं."

मला नीट कळलं नाही. तिनं दाखवलं. डॅशबोर्डवरच्या घड्याळांभोवतीच्या चकत्या, बटणं, नावाची अक्षरं, हॉर्नच्या मधलं चित्र, आरसा, दिव्याच्या कडा. काहीच मूळचं नव्हतं. बंजारा बायका ओढणीला आरसे, नाणी, कवड्या शिवतात; ह्या तांड्याच्या मुलींच्या ओढण्यांना त्या इटालियन गाडीचे तुकडे होते. एक वाशिमला, एक दारव्ह्याला, एक पार तेलंगणात. गाडी जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरली होती. आणि गेलेल्या प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसऱ्या वर्षी पितळेचा नवा तुकडा येत होता. तो कुठून यायचा ते सांगायला नको. कित्येक संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये त्याच्यासाठी डबा घेऊन गेले आणि तो लेथवर एवढीशी चकती घासत बसलेला असायचा. "कोणाची आहे?" विचारलं तर म्हणायचा, "एका मुलीची."

मी त्या चकत्यांवरून बोट फिरवलं. माझा राग तिथे बराच वाढला. दुर्बलाला फसवतात म्हणून मी चिडून आले होते. इथे दुर्बल कोणीच नव्हतं. इथे एक रीत होती, आणि माझा नवरा गुपचूप तिचा कारागीर होता. आणि श्रीकांत हे सगळं 'सर्व मूळ भागांसह' म्हणून विकायला निघाला होता.

"एकच अडचण हाय मामी," काजल म्हणाली. "गाडी सुरू नाई होत."

इंजिनाला पेट्रोल आणि हवा पुरवणारे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. ते दरवर्षी माधव करायचा. तो येणार म्हणून ह्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. संध्याकाळी फुलसावंगीहून मिस्त्री आला. गाडी खोकली, धूर सोडला आणि बसली. पुन्हा खोकली, पुन्हा बसली. मिस्त्री म्हणाला, "ट्रॅक्टर असतं तं आवाजावरून सांगतलं असतं. हे कोनती भाषा बोलून राह्यली ते समजत नाई." काजल हसली, पण तिचं तोंड उतरलं होतं. पाठवणी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

लग्नाचा दिवस

श्रीकांत सकाळीच आला. गाडी वाहून न्यायचा सपाट ट्रक घेऊन आला होता आणि सोबत मुंबईचा एक पांढऱ्या बुटांचा गृहस्थ, गिऱ्हाइकाचा माणूस. मला पाहून श्रीकांत दचकला.

"वहिनी! तुम्ही इथे?"

"लग्नाला आलेय."

तो गडबडला नाही. धंद्यातला माणूस. नायकांना वाकून नमस्कार केला, म्हणाला, माधव माझा जिवलग होता, फक्त गाडी बघतो. नायक म्हणाले, "पाहा ना. पाह्याले कोन नाई म्हन्ते." पाहुण्याला त्यांनी आधी चहा दिला. ह्या सभ्यतेचासुद्धा मला तेव्हा संताप आला.

पांढऱ्या बुटांचा माणूस टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन गाडीखाली शिरला. वऱ्हाडी मंडळी भोवती जमली. थोड्या वेळानं श्रीकांतचा आवाज चढू लागला.

"ही चकती मूळची नाही. हीसुद्धा नाही. अहो, हा आरसा स्कूटरचा आहे!"

"स्कूटरचा कायले राहीन? बुलेटचा हाय," गर्दीतून कोणी म्हणालं.

"मूळचा तं वाशिमले हाय. माह्या दिराच्या पोरीपाशी," याडी समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

"आणि पट्टी? इंजिनाशेजारची नंबराची पट्टी कुठे आहे?"

मला वाटतं कोणीही मुद्दाम पाहिलं नाही, पण सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला गेले. काजलची आत्या, म्हणजे नायकांची लेक, रूपली तिथे उभी होती. पन्नाशीची बाई, लग्नासाठी जुना पोशाख घातलेला. ओढणीचा जो भरतकामाचा पट्टा कपाळावर येतो, त्याच्या बरोबर मधोमध, आरशांच्या आणि नाण्यांच्या रांगेत, आगपेटीएवढी एक धातूची पट्टी चारी कोपऱ्यांनी शिवलेली होती. तिच्यावर आकडे कोरलेले.

श्रीकांतनं चष्मा लावला, तो तिच्यासमोर गेला, आणि वाचण्यासाठी वाकून त्यानं तिच्या कपाळाकडे बोट नेलं.

मांडवातल्या बायका पुढे सरकल्या.

"डोये गेले काय बे तुहे?" रूपली आत्या म्हणाल्या. "का बाईमानसाच्या डोक्शावर पुस्तक वाचाचं शिकवलं तुह्या मायनं? हट मागं."

तो हटला. हसून सावरून घेतलं. पण पांढऱ्या बुटांच्या माणसानं त्याला बाजूला घेतलं, आणि मी जवळच असल्यानं ऐकलं. तो म्हणत होता, सांगाड्यावरचा आकडा गंजानं खाल्लाय, आता फक्त पट्टी उरली. पट्टी मिळाली तर गाडी नाही मिळाली तरी चालेल. बाकीची बनवून घेऊ.

वाचकांना हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून जरा थांबून सांगते. ह्या बाजारात गाडी म्हणजे तो आकडा. कारखान्यानं मोजक्याच गाड्या बनवल्या, त्यातली ही अमुक नंबरची. तो नंबर हातात असला की त्याच्याभोवती नवा पत्रा, नवं इंजिन, नवं चामडं उभं करतात आणि तीच ती गाडी म्हणून विकतात. विकत घेणारा ती थंड खोलीत ठेवतो; चालवली तर किंमत उतरते. मी आयुष्य पुस्तकांत काढलं. कोणी एखाद्या दुर्मिळ पुस्तकाचं दाखलक्रमांकाचं पान फाडून नेलं, त्याला कोऱ्या कागदांची जाडजूड बांधणी केली, काचेच्या कपाटात ठेवलं आणि म्हणाला की पुस्तक माझ्याकडे आहे, तर आम्ही त्याला चोर म्हटलं असतं. ह्यांच्यात त्याला जाणकार म्हणतात. आणि ज्या घरी ते पुस्तक रोज वाचलं गेलं, पानांना हळद लागली, तिथल्या लोकांना किंमत कळत नाही!

श्रीकांत परत आला तो नवा चेहरा घेऊन. "नायक, ऐका. गाडी ठेवा तुमच्याकडे. मला ती नुसती पट्टी द्या. गाडी बंद आहे ना? मी आत्ता सुरू करून देतो. माधवनं मला शिकवलंय सगळं. पोर थाटात जाईल."

नायक खाली बघत राहिले. लेकीला दिलेलं परत मागायचं नाही, ही त्यांची पक्की रीत. आणि नातीनं लहानपणापासून ह्याच गाडीचं मनात धरलेलं.

रूपली आत्यांनी ओढणी डोक्यावरून काढली. "कैची आना कोनी," त्या म्हणाल्या. आवाज साधा होता. "माह्या कपाळावरच्या पत्र्यापायी पोरीची पाठवणी कायले खोयंबावी? माही तं होऊन गेली. मी मिरवली, पोट भरलं माहं."

कोणी कात्री आणली नाही, तेव्हा त्यांनी दातांनी पहिला टाका तोडला.

हळदीच्या अंगानं काजल मांडवातून धावत आली आणि तिनं तो पट्टा त्यांच्या हातून घेतला.

"आत्या, अजून एक टाका तोडला ना, तं मी त्या गाडीत पाय नाई ठेवणार. पायी जाईन सासरी, अन् वाटंत भेटन त्याले सांगीन काहून पायी चालली ते."

"येडी झाली काय वो? एवढा हट्ट करत असते?"

"तू कोनाची आत्या हायेस? तुह्यावरच गेली मी."

मग ती श्रीकांतकडे वळली आणि शाळेतलं मराठी बोलली. "सर, मामांनी तुम्हाला शिकवलं ना? त्यांनी शिकवताना तुमच्याकडून काय घेतलं होतं?"

तो म्हणाला, "ताई, मैत्री वेगळी, धंदा वेगळा."

मी आवाज चढवणारी बाई नाही. ग्रंथालयात तशी सवयच लागत नाही. तेव्हाही चढवला नाही. मी म्हटलं, "श्रीकांत, त्या जाहिरातीतला हात माधवचा आहे. तो काढून टाका."

"वहिनी, नुसत्या हाताला कोण ओळखतंय?"

"मी."

पुढे त्यानं काही म्हटलं असेल, मी ऐकलं नाही. याडींनी आत्यांच्या पट्ट्यावरचा तुटलेला टाका तिथेच बसून सुईनं घातला. मग सगळे लग्नाच्या कामाला लागले, जणू पाहुणे आले आणि चहा पिऊन गेले. गेले मात्र नव्हते. जेवणाची पंगत बसली तेव्हा नायकांनी दोघांनाही हाताला धरून बसवलं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पांढऱ्या बुटांच्या माणसानं दोनदा बुंदी घेतली.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. काजलच्या भावांनी गाडी पत्र्याखालून ढकलत मांडवासमोर आणली. बंद गाडी. स्टिअरिंगवर धाकटा भाऊ, मागे चुलत-मामेभाऊ मिळून वीसेक जण. नवरदेवाकडचे आधी बाजूला उभे होते, मग नवरदेवानंच बाह्या सारल्या तसे तेही आले. श्रीकांतचा ट्रक वाटेत आडवा होता. "मागं घे बे तुहा टरक! लेक चालली आमची!" गजानन ओरडला. तो रात्री घरी जाऊन सकाळी बायकोला घेऊन लग्नाला आला होता. ट्रक मागे गेला, चाक सांडपाण्याच्या चरात रुतलं, आणि गाडी पुढे निघाली.

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सगळं ऐकू येत होतं: खडीवर चाकांचा करकर आवाज, ढकलणाऱ्यांचे श्वास, बायकांच्या पायातले वाळे. काजल सीटवर चढून उभी राहिली. गाडीचं जे काही तिनं घेतलं होतं, ते तिच्या मुठीत होतं; विचारायची रीत नाही. तिनं दुसरा हात वर केला आणि गाऊ लागली. कालपर्यंत फोनवर आणि इंजेक्शनांवर बोलणारी मुलगी, तिचा आवाज असा कुठून तरी खोलातून आला. घराला निरोप, विहिरीला, बापाला, एकेका भावाला नाव घेऊन. प्रत्येक नावाशी ढकलणाऱ्यांतला एक जण मान खाली घालत होता आणि ढकलत राहत होता.

रूपली आत्या माझ्या शेजारून चालत होत्या, ओढणी परत कपाळावर. त्या मधेमधे मला अर्थ सांगत होत्या. माझ्या दुसऱ्या बाजूला श्रीकांत, फोन उंच धरून चित्रण करत.

मग गाण्यात 'पुनेवाळो मामा' आलं. आत्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी वाकल्या. "म्हणून राह्यली का, पुन्याचा मामा यंदा नाई आला वो माय. गाडी त्याची वाट पाहून मुकी झाली. मामी एकली आली अन् एकली जाईन, तिले वाटंत पानी कोन पाजीन."

मी रडले. आमच्याकडे रडतात तसं नाही, पदर तोंडात कोंबून. मोठ्यानं, रस्त्यात, उन्हात. आत्या माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांनीही सूर धरला.

श्रीकांतचा फोन खाली आला होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "काय म्हणतेय ती? माधवचंच आहे ना काहीतरी?"

मी त्याला सांगितलं नाही.